आईच्या हातची चव आणि आईचा हक्क

‘हाताला चव असणे’ हा मराठीतील एक अर्थपूर्ण वाक्प्रचार आहे. चव वस्तुतः पदार्थात असते, मिठात आणि मसाल्यात असते. पण आपली भाषा ती हातात शोधते. तोच तांदूळ, तेच खोबरे, बंदरावरून आलेली तीच सुरमई, तरी एका घरचे कालवण दुसऱ्या घरी होत नाही. म्हणून आई गेल्यानंतर माणूस सर्वप्रथम जे वाक्य उच्चारतो ते बहुधा हेच असते, की आता ती चव पुन्हा मिळायची नाही.

प्रिय वाचकहो, या वाक्याविषयीच आज आपल्याशी बोलायचे आहे. ते खोटे नाही, त्यात प्रेम आहे आणि दुःखही आहे. तरी थोडे थांबून विचारावेसे वाटते, की या वाक्यात आठवण नेमकी कोणाची आहे? आईची, की आपल्या जिभेची? ‘मिळायची नाही’ असे म्हणताना न मिळणारा कोण आहे? मृत व्यक्तीचे चांगले गुण सांगावेत ही आपल्या धर्माची शिकवण आहे. परंतु ज्या गुणाचा लाभ केवळ आपल्यालाच झाला तो गुण सांगणे म्हणजे त्या व्यक्तीला ओळखणे नव्हे. सावकाराच्या उदारतेचे गोडवे गाणारा ऋणको कर्ज फेडतोच असे नाही.

आमचे हर्णे ज्या दापोली तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पालगड या गावी २४ डिसेंबर १८९९ रोजी साने गुरुजींचा जन्म झाला. मराठी भाषेत आईच्या आठवणीचा जो ग्रंथ सर्वाधिक घरांत पोहोचला तो ‘श्यामची आई’ आमच्या या मातीतला आहे. १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात गुरुजींनी तो काही दिवसांत लिहून काढला. त्यांच्या मातोश्री यशोदाबाई १९१७ साली वारल्या होत्या, म्हणजे मध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळ लोटला होता. अखेरच्या क्षणी मुलगा जवळ नव्हता. त्या काळी मुंबईकडून आगबोटीने येणारी या बाजूची माणसे आमच्या हर्णे बंदरातच उतरत. येथील किती मुले अशीच, उशिरा, या किनाऱ्यावर उतरली असतील! (हेच साने गुरुजी ‘इस्लामी संस्कृती’ या पुस्तकाचेही लेखक आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते, ते पुस्तक आपल्या घरी असावे.)

त्या ग्रंथात ‘अळणी भाजी’ नावाचे एक प्रकरण आहे. एके दिवशी आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील जेवतात, काही बोलत नाहीत. वडील बोलत नाहीत म्हणून मुलेही बोलत नाहीत. शेवटी आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळते आणि तिला हळहळ वाटते. शाळेत हा पाठ शिकवताना वडिलांच्या संयमाचे कौतुक करतात, आणि ते रास्तच आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत हजरत अबू हुरैरा (रजि.) यांचे कथन आहे, की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही कोणत्या अन्नाला नाव ठेवले नाही, इच्छा झाली तर खाल्ले, नाही तर ठेवून दिले. आपल्या घरांतील पुरुषांनी, विशेषतः रमजानमध्ये मगरिबच्या वेळी दस्तरखानावर बसून मिठाचा हिशेब मांडणाऱ्यांनी, ही हदीस आधी पाठ करावी आणि मग इतर हदीसी सांगाव्यात.

पण मी बी.ए.च्या वर्गात तो ग्रंथ पुन्हा वाचला तेव्हा माझे लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेले. भाजी अळणी आहे हे घरातल्या सर्वांना कळले होते. सर्वांत शेवटी कळले ते जिने ती केली तिला. का? कारण ती सर्वांत शेवटी जेवली. या एका बारकाव्यात लाखो आयांचे आयुष्य सामावले आहे. धर्म कोणताही असो, कोकणातल्या चुलीपुढची ही रीत एकच होती.

आता एक प्रश्न असा, की आईने केलेला हा स्वयंपाक तिचे कर्तव्य होते की तिची देणगी? हा प्रश्न क्षुल्लक नाही. कर्तव्य असेल तर तिने आपले काम केले, आपण आपले जेवण केले, हिशेब मिटला. देणगी असेल तर गोष्ट वेगळी होते.

आम्ही कोकणी मुसलमान बहुतांशी शाफई मसलकाचे. या मसलकाचे थोर इमाम नववी (रह.), ज्यांचा मृत्यू ६७६ हिजरीत, म्हणजे इ.स. १२७७ मध्ये झाला, त्यांनी सहीह मुस्लिमच्या भाष्यात हजरत अस्मा बिन्त अबू बक्र (रजि.) यांच्या हदीसीवर लिहिताना स्पष्ट केले आहे, की पीठ मळणे, भाकरी भाजणे, कपडे धुणे ही पत्नीची घरातील कामे चांगुलपणाची आणि सौजन्याची आहेत, पूर्वापार स्त्रिया ती करत आल्या, पण ती तिच्यावर वाजिब नाहीत. तिने ती केली नाहीत तर ती गुन्हेगार ठरत नाही. इतर विद्वानांची मते वेगळी आहेत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. हनफी फिकहमध्ये न्यायालय तिच्यावर सक्ती करू शकत नसले तरी धार्मिक दृष्ट्या तिच्यावर जबाबदारी मानली जाते, आणि इमाम इब्ने तैमिया यांनी रूढीनुसार ती वाजिब म्हटली आहे. पण ज्या मसलकानुसार आपण नमाजेत हात बांधतो आणि फजरमध्ये कुनूत पढतो, तो मसलक आईच्या चुलीविषयी काय म्हणतो, हे आपल्याला कोणी क्वचितच सांगितले असेल.

मिंबरवरून हे सांगितले की लोक अस्वस्थ होतात. एक गृहस्थ मला म्हणाले, “मौलाना, हे बायकांच्या कानावर घालू नका.” त्यांना भीती अशी, की उद्या चुली पेटणार नाहीत. मला ही भीती अनाठायी वाटते. हा मसला शतकानुशतके ग्रंथांत आहे आणि चुली पेटतच आल्या आहेत. उलट या मसल्यामुळे आईची उंची वाढते. जे तिच्यावर सक्तीचे नव्हते ते तिने चाळीस-पन्नास वर्षे, दिवसातून दोनदा, तापात आणि बाळंतपणानंतर, पाट्यावर खोबरे वाटून आणि तांदळाच्या भाकऱ्या थापून केले. शरियतच्या भाषेत याला एहसान म्हणतात.

येथे एखादा तर्कशील वाचक म्हणेल, की देणगीच असेल तर परतफेडीचा प्रश्नच उरत नाही; कर्ज फेडायचे असते, देणगी फक्त स्वीकारायची असते. शिवाय निर्मळ मनाने देणारा मोबदला मागतच नाही. पवित्र कुरआनच्या सूरह दहरमध्ये (आयत ८-९) अल्लाहच्या प्रेमाखातर गरीब, अनाथ आणि कैदी यांना जेवू घालणाऱ्यांचे वर्णन आहे. ते खाणाऱ्यांकडून ना बदला इच्छितात, ना आभार.

हा तर्क वरवर बिनतोड दिसतो. पण देणाऱ्याने आभार न मागणे हा देणाऱ्याचा गुण झाला. त्यामुळे घेणाऱ्याला आभार न मानण्याची मुभा मिळत नाही. घेणाऱ्यासाठी वेगळी आज्ञा आहे. सूरह लुकमानच्या चौदाव्या आयतीत आईने यातनांवर यातना सोसून गर्भ वाहिल्याची आणि दोन वर्षे दूध पाजल्याची आठवण देऊन अल्लाहने स्वतःच्या पाठोपाठ लगेच आईवडिलांचे आभार मानण्यास फर्मावले आहे. सूरह रहमानच्या साठाव्या आयतीत विचारले आहे, की एहसानाचा मोबदला एहसानाखेरीज दुसरा काय असू शकतो. कर्जाला एक सोय असते, की ते कधीतरी फिटते. एहसानाला ती सोय नाही. ‘अल-अदबुल मुफरद’ या संग्रहात इमाम बुखारी यांनी नोंदवले आहे, की एक यमनी माणूस आपल्या आईला पाठीवर घेऊन काबागृहाला प्रदक्षिणा घालत होता. त्याने हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांना विचारले, की मी तिची परतफेड केली का? त्यांनी सांगितले, की तिच्या एका उसाशाचीही नाही.

या ठिकाणी दुसरी एक सावधगिरी बाळगली पाहिजे. अलीकडे दोन प्रकारची माणसे भेटतात. काही म्हणतात, स्वयंपाक हा स्त्रीचा स्वभावच आहे, तिला त्यातच आनंद असतो. काही म्हणतात, चूल ही बेडी होती आणि आईचा आनंद हा निव्वळ भ्रम होता. दोघेही आईला न विचारता आईविषयी बोलतात. ज्या स्त्रीला रांधण्याची खरोखर हौस होती, जी शेजारणीकडून नवी रीत विचारून घेई, ईदच्या आदल्या रात्री नारळाच्या दुधातल्या शेवयांसाठी स्वतः नारळ निवडी, तिच्या हौसेला बेडी म्हणणे हा तिचा अपमान आहे. आणि जिला ती हौस नव्हती तिच्यावर हौस लादणे हाही अपमानच आहे.

हजरत अस्मा (रजि.) यांनी स्वतः सांगितले आहे, आणि ते बुखारीत आहे, की मला भाकरी चांगली करता येत नसे, शेजारच्या अन्सारी स्त्रिया मला करून देत, त्या मोठ्या निष्ठावान स्त्रिया होत्या. हे वाक्य मला फार प्रिय आहे. ज्या मातेच्या पोटी अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्यासारखा पुत्र जन्मला, तिच्या हाताला भाकरीची चव नव्हती. तुमच्यापैकी ज्यांची आई सुगरण नव्हती, ज्यांच्या घरी भात कधी कच्चा तर कधी गुरगुट्या होई, त्यांच्याजवळ आठवायला काही नाही काय? आई केवळ चवीने आठवायची असेल तर अशा आया विस्मृतीत गेल्या म्हणायच्या. तिकडे हजरत फातिमा (रजि.) यांच्या हातांना जाते ओढून घट्टे पडले होते. त्या सेवक मागायला आल्या तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना झोपण्यापूर्वी सुबहानल्लाह आणि अल्हम्दुलिल्लाह ३३-३३ वेळा व अल्लाहु अकबर ३४ वेळा म्हणण्यास शिकवले. आपण ती तस्बीह नमाजेनंतर बोटांवर मोजतो, पण ती झोपण्यापूर्वी कोणासाठी शिकवली गेली आणि कोणत्या हातांसाठी, हे विसरतो.

काही काळापूर्वी आमच्या मोहल्ल्यातील एक वृद्ध माता अल्लाहला प्यारी झाली. मुलगे तीन, एक मुंबईस, एक जहाजावर, एक आखातात. दोघांना मय्यतीला पोहोचता आले नाही. आठवड्याने सर्व जमले आणि चाळिसाव्याच्या जेवणाविषयी मला विचारायला आले. त्यांची इच्छा होती, की अम्मीला रांधून वाढण्याची इतकी हौस होती, तर सबंध मोहल्ल्याला तिच्या आवडीचे जेवण घालावे. मी विचारले, “अम्मींना काय आवडे?” थोरल्याने लगेच चार पदार्थ सांगितले. मी म्हणालो, “हे त्या काय करत असत ते झाले. त्यांना स्वतःला खायला काय आवडे?” तिघे एकमेकांकडे पाहू लागले. उत्तर शेवटी आतल्या खोलीतून त्यांच्या बहिणीने दिले, “तळाची खरपुडी आणि भाजलेला सुका बांगडा.” मग थोडे थांबून तीच म्हणाली, “की तेवढेच उरायचे, ठाऊक नाही.”

वाचकहो, आपण हाच प्रश्न स्वतःला विचारून पाहा. आई हयात असेल तर तिला विचारून पाहा. आजच विचारता येईल.

राहिला त्या जेवणाचा मसला. मुअताच्या लढाईत, ८ हिजरीत (इ.स. ६२९), हजरत जाफर बिन अबी तालिब (रजि.) शहीद झाल्याची वार्ता आली तेव्हा प्रेषितांनी (स.) लोकांना सांगितले, की जाफरच्या घरच्यांसाठी जेवण तयार करा, कारण त्यांच्यावर दुःख ओढवले आहे. म्हणजे सुन्नत अशी, की शेजाऱ्यांनी रांधावे आणि दुःखी घराने खावे. आपण ते उलटे केले. हजरत आयेशा (रजि.) यांच्या कुटुंबात कोणी वारले आणि जमलेल्या स्त्रिया परतल्या, की त्या घरच्यांसाठी पातेल्यात तल्बीना शिजवायला सांगत; तो पिठाचा पातळ पदार्थ दुःखी हृदयाला विसावा देतो असे प्रेषितांकडून (स.) त्यांनी ऐकले होते. आमच्या हर्ण्यात शेजारी पेजेचे पातेले घेऊन येत असत ती पद्धत याच्याच जवळची होती, आणि जेथे ती अद्याप आहे तेथे ती जपावी.

शिवाय अविभक्त मालमत्तेतून असे जेवण घालण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते. वारसांत कोणी अल्पवयीन असेल तर त्याच्या वाट्याचा पैसा यात खर्च करता येत नाही, इतरांची कितीही संमती असो.

येथे मला थोडे कठोर बोलावे लागते. आईच्या हातच्या चवीसाठी डोळे पुसणारी माणसे आईच्या बांगड्या वाटताना कशी वागतात, हे इमामाला पाहावे लागते. आईचे दागिने, तिची जमीन, तिच्या खात्यातील पैसे हा तिचा तरका आहे. सूरह निसामध्ये (आयत ११-१२) वाटणी ठरलेली आहे. दफनाचा खर्च, कर्ज आणि वसीयत यांनंतर मुले असताना पतीला चौथा हिस्सा, तिचे आईवडील हयात असतील तर त्यांचा हिस्सा, आणि उरलेल्यात मुलाला दोन तर मुलीला एक. ‘बहिणीला लग्नात दिले’ हे कारण त्या आयतीत कोठेही नाही. आणि महर? अनेक घरांत महर निकाहनाम्यात लिहिला जातो आणि तेथेच राहतो. पत्नीने राजीखुशीने माफ केला नसेल तर तो पतीवरील कर्ज आहे. तिच्या मृत्यूने ते बुडत नाही, तिच्या वारसांचे येणे होते. मृत्युशय्येजवळ चार माणसांनी घेरून वदवून घेतलेली माफी ही माफी नसते. चूल आईवर वाजिब नव्हती, ती तिने केली. महर बापावर वाजिब होता, तो राहिला. या दोन वाक्यांमधले अंतर मुलांनी एकदा शांतपणे मोजावे.

दुसरे एक ऋण अल्लाहचे असते. बाळंतपण, आजार अशा कारणांनी रमजानचे जे रोजे सुटले आणि पुढे भरून काढणे शक्य असूनही राहून गेले, त्यांचे काय? प्रेषितांना (स.) आपल्या मृत आईच्या राहिलेल्या रोजांविषयी विचारले गेले तेव्हा त्यांनी उलट विचारले, की आईवर कर्ज असते तर ते तू फेडले असतेस ना, मग अल्लाहचे ऋण फेडले जाण्यास अधिक पात्र आहे. शाफई मसलकात प्रत्येक रोजामागे एका गरिबाला एक मुद्द धान्य देण्याचा मार्ग आहे. तांदूळ पाऊण किलो धरला तर सावधपणा साधतो. इमाम नववी यांनी नातेवाईकाने तिच्या वतीने रोजा ठेवण्यासही पसंती दिली आहे. तपशील आपल्या आलिमांना विचारावा. जिने वर्षानुवर्षे सर्वांची सहरी उठून केली आणि इफ्तारीच्या वेळी अजान होईपर्यंत तव्यासमोर उभी राहिली, तिचे स्वतःचे किती रोजे राहिले हे बहुधा मुलींना ठाऊक असते, मुलांना नसते.

जे मुलगे अखेरच्या वेळी पोहोचू शकले नाहीत त्यांनी हजरत साद बिन उबादा (रजि.) यांची हकीकत वाचावी. त्यांच्या आईचा मृत्यू झाला तेव्हा ते जवळ नव्हते. परतल्यावर त्यांनी प्रेषितांना (स.) विचारले, की तिच्या वतीने मी सदका केला तर तिला लाभ होईल का? होकार मिळताच त्यांनी आपली फळबाग आईच्या नावे सदका केली. आपल्या कोकणातील अर्धी कुटुंबे समुद्रापलीकडे असतात; साद यांचा प्रश्न हा आपल्याच घरचा प्रश्न आहे. एका गरीब मुलीची वर्षाची फी, पाण्याची एखादी सोय, घरपरसातल्या दोन नारळांचे उत्पन्न कायमचे कोणाच्या नावे, हे चाळिसाव्याच्या देगेपेक्षा कमी खर्चाचे आणि अधिक काळ टिकणारे आहे.

आणि स्वयंपाकच करायचा असेल, तिची हौस तिच्याच रीतीने पुढे न्यायची असेल, तर तोही मार्ग सुन्नतमध्ये आहे. हजरत खदीजा (रजि.) यांच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी मदीनेत प्रेषित (स.) बकरी जिबह करत, तिचे भाग करत आणि खदीजांच्या मैत्रिणींकडे पाठवून देत. हजरत आयेशा (रजि.) यांना याचा हेवा वाटे, हे त्यांनीच सांगितले आहे. मोहल्ल्याला पंगत नाही, मांडव नाही. फक्त तिच्या मैत्रिणी, आणि त्यांच्या दारी पोहोचलेले मांस. आईवडिलांच्या पश्चात त्यांच्याशी सद्वर्तन कसे करावे असे विचारले असता प्रेषितांनी (स.) जी कामे सांगितली, त्यांत दुआ आणि क्षमायाचनेच्या जोडीला त्यांच्या मित्रमैत्रिणींचा मान राखणे हेही आहे.

बंदरावर बैलगाड्यांतून मासळी उतरते आणि लिलाव होतो, त्या संध्याकाळी एखादी सुरमई जास्त घ्या. तिच्या रीतीने कालवण करा, जमले नाही तरी हरकत नाही, अस्मा (रजि.) यांनाही भाकरी जमत नसे. झाकणाच्या डब्यात भरून तिच्या मैत्रिणीकडे तुम्ही स्वतः घेऊन जा, नोकराकरवी पाठवू नका. त्या वृद्ध बाईंजवळ थोडा वेळ बसा. तुमची आई मुलगी असताना कशी होती, तिला काय आवडे, हे त्यांना ठाऊक असेल. मैत्रिणींची नावे तुम्हाला सांगता येत नसतील, तर बहिणीला फोन करून विचारा.